फॅटी लिव्हर आहे. यकृतात फायब्रोसिस आहे का, हे रक्ताच्या रिपोर्टवरून कसे पडताळावे

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर, ग्रेड १' किंवा 'ग्रेड २' असे लिहून आले की घरात पहिली चर्चा ग्रेडची होते. वास्तविक ही ग्रेड पडद्यावर यकृत किती पांढरट दिसते, म्हणजेच त्यात चरबी किती साठली असावी, एवढाच अंदाज सांगते. पुढील दहा-वीस वर्षांत त्या यकृताचे काय होणार, हे मात्र चरबीपेक्षा फायब्रोसिसवर, म्हणजे दीर्घकाळच्या दाहामुळे यकृतात तयार होणाऱ्या चिवट, तंतुमय व्रणांवर अवलंबून असते. फायब्रोसिसच्या पायऱ्या एफ-० पासून एफ-४ पर्यंत मोजतात. एफ-३ म्हणजे प्रगत फायब्रोसिस आणि एफ-४ म्हणजे सिरॉसिस, यकृत व्रणांनी भरून कडक होण्याची अवस्था. ग्रेड १ असलेल्या माणसाला एफ-३ असू शकतो आणि ग्रेड ३ असलेल्याला एफ-०, कारण या दोन मापांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. सुरुवातीचा फायब्रोसिस साध्या सोनोग्राफीत दिसतही नाही.

फायब्रोसिसचा पक्का निर्णय बायोप्सीने होतो. परंतु सुईने काढलेला तुकडा संपूर्ण यकृताच्या साधारण पन्नास हजारांश भागाएवढाच असतो, शिवाय ती तपासणी दुखरी असून क्वचित रक्तस्रावाचा धोकाही असतो. त्यामुळे फॅटी लिव्हर असलेल्या प्रत्येकाची बायोप्सी करणे शक्य नाही आणि योग्यही नाही. म्हणूनच आधी रक्तातील खुणांवरून चाळणी लावायची आणि जे चाळणीत अडकतील त्यांचीच पुढची तपासणी करायची, अशी पद्धत आता रूढ झाली आहे. या चाळणीला लागणारे आकडे बहुतेक वेळा घरातल्या फाईलमध्ये आधीच पडून असतात.

चाळणी कोणी लावावी

टाइप २ मधुमेह असलेल्यांनी, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आढळलेल्यांनी, ज्यांचे एसजीपीटी (यकृताच्या पेशींतले एक एन्झाइम) वारंवार वाढलेले येते त्यांनी, आणि पोटाचा घेर वाढलेला असून जोडीला रक्तदाब, ट्रायग्लिसराइड किंवा साखरेची तक्रार असलेल्यांनी ही तपासणी करून घ्यावी. भारतीय शरीरयष्टीसाठी घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर धरतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला, यावरून प्रश्नाचे आकारमान लक्षात यावे.

त्याआधी दोन गोष्टी उरकून घ्याव्यात. हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी एकदा तरी झालेली असावी, आणि मद्यपानाचे प्रमाण डॉक्टरांना खरेखरे सांगावे. यकृत बिघडण्याची ही कारणे वगळल्याशिवाय सगळे खापर चरबीवर फोडणे धोक्याचे आहे. रिपोर्टमध्ये किंवा एखाद्या संकेतस्थळावर 'एनएएफएलडी' ऐवजी 'एमएएसएलडी' असे दिसले तर गोंधळून जाऊ नये. २०२३ मध्ये या आजाराचे नाव बदलले, आजार तोच आहे.

फिब-४ : चार आकड्यांचा हिशेब

सर्वांत आधी करावा असा हिशेब म्हणजे फिब-४. त्याला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढेच लागते. एसजीओटीला काही प्रयोगशाळा एएसटी म्हणतात आणि एसजीपीटीला एएलटी. हे दोन आकडे लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये, म्हणजे एलएफटीमध्ये मिळतात, तर प्लेटलेट सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत. येथेच पहिली अडचण येते: अनेकांकडे मार्च महिन्यातली एलएफटी असते आणि ऑगस्टमधली सीबीसी असते, आणि दोन्ही जोडून हिशेब केला जातो. तसे करू नये. दोन्ही तपासण्या एकाच दिवशी, एकाच वेळी काढलेल्या रक्ताच्या असाव्यात.

हिशेब असा: वयाला एसजीओटीने गुणावे. दुसरीकडे एसजीपीटीचे वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या आकड्याने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. मोबाइलमधील कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनमध्ये वर्गमूळाचे बटण दिसते.

प्लेटलेटच्या एककाकडे मात्र नीट लक्ष द्यावे, कारण सर्वाधिक चुका तेथेच होतात. सूत्रात प्लेटलेट हजारांत धरायच्या असतात. आपल्याकडील रिपोर्टवर '२.१० लाख' असे छापलेले असते, काही ठिकाणी '२,१०,०००' असते, तर काही ठिकाणी नुसते '२१०'. तिन्हींचा अर्थ एकच आणि सूत्रात घालायचा आकडा २१०. '२.१०' तसाच टाकला तर उत्तर शंभरपट येईल. उत्तर शंभराच्या पुढे गेलेले दिसले तर यकृताची काळजी करण्याआधी दशांशचिन्ह तपासावे.

एक उदाहरण घेऊ. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २.१० लाख. ५२ गुणिले ४८ म्हणजे २४९६. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २१० ने गुणले की १६८०. २४९६ भागिले १६८० बरोबर १.४९.

आता हा आकडा वाचायचा कसा? १.३ पेक्षा कमी असेल तर प्रगत फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी असते. २.६७ पेक्षा जास्त असेल तर ती शक्यता बरीच असते आणि यकृततज्ज्ञांकडे जाणे आवश्यक ठरते. मधला पट्टा संदिग्ध असतो, वरचे १.४९ त्याच पट्ट्यात पडते. वय सूत्रातच असल्यामुळे ज्येष्ठांचा आकडा आपोआप फुगतो, म्हणून ६५ वर्षांपासून पुढे खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरतात. वय ६७, एसजीओटी ३०, एसजीपीटी २५ आणि प्लेटलेट २.२० लाख असलेल्या गृहस्थांचे उत्तर १.८३ येते, जुन्या मर्यादेने त्यांना उगाच पुढच्या तपासण्यांच्या फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. याउलट ३५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये हा हिशेब भरवशाचा नाही, त्यामुळे तरुण मुलाचा आकडा ०.५ आला म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

या सूत्राची खरी ताकद नाही म्हणण्यात आहे. आकडा कमी आला तर त्यावर बऱ्यापैकी विसंबता येते. आकडा जास्त आला तर तो केवळ संशय असतो, निदान नव्हे. मूळ सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी असे दोन्ही संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी मांडले गेले होते आणि फॅटी लिव्हरसाठीच्या मर्यादा नंतर ठरल्या, ही पार्श्वभूमी माहीत असली की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हेही समजते. मधुमेहींच्या बाबतीत मात्र कमी आकड्यावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नये, कारण त्यांच्यात फायब्रोसिस असूनही आकडा १.३ च्या खाली राहण्याचे प्रमाण अधिक असते.

'सगळे नॉर्मल' असलेला रिपोर्ट

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडणे गरजेचे आहे, कारण बहुतांश गफलत येथे होते. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणजे यकृत ठणठणीत आहे, असा समज दृढ आहे. पुढील रिपोर्ट पाहा: वय ६०, एसजीओटी ३६, एसजीपीटी २५, प्लेटलेट १.२० लाख. दोन्ही एन्झाइम ४० च्या आत, त्यामुळे एलएफटीच्या पानावर एकही आकडा ठळक छापलेला नाही. हिशेब केला तर ६० गुणिले ३६ म्हणजे २१६०, आणि १२० गुणिले ५ म्हणजे ६००, उत्तर ३.६. हे वरच्या मर्यादेच्याही बरेच पुढे आहे.

असे का होते, हे यकृतात काय घडते ते पाहिले की उलगडते. फायब्रोसिस वाढत जातो तसे एसजीपीटी अनेकदा वाढण्याऐवजी उतरू लागते, पण एसजीओटी त्या प्रमाणात उतरत नाही. त्यामुळे सुरुवातीला एसजीपीटी वरचढ असते ते गणित उलटते आणि एसजीओटी पुढे जाते. दुसरीकडे, व्रणांमुळे यकृतातून रक्त वाहण्यास अडथळा होतो, आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल रक्तवाहिनीतला दाब वाढतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. शिवाय प्लेटलेट तयार करण्याचा संदेश देणारे थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः यकृतातच बनते, तेही कमी पडू लागते. म्हणून प्लेटलेटचा आकडा वर्षानुवर्षे हळूहळू खाली सरकत असेल, २.४ लाखांवरून १.९ आणि तेथून १.५, तर प्रत्येक वेळी तो नॉर्मल मर्यादेत असला तरी ती उतरण नोंद घेण्यासारखी असते. अल्ब्युमिन आणि बिलिरुबिन बिघडतात ते फार उशिरा. ते यकृताची कार्यक्षमता सांगतात, फायब्रोसिसची सुरुवात नव्हे.

आकडा फसवतो तो केव्हा

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत केलेल्या हिशेबाकडे मी संशयानेच पाहीन. डेंग्यूमध्ये प्लेटलेट घसरतात आणि एसजीओटी चढते. म्हणजे सूत्रातला वरचा आकडा वाढतो आणि खालचा कमी होतो. वरच्या उदाहरणातील ५२ वर्षांच्याच व्यक्तीला डेंग्यू होऊन एसजीओटी १२०, एसजीपीटी ८१ आणि प्लेटलेट ९० हजार झाल्या, तर उत्तर ७.७ येते. त्या वेळी यकृतात एकही नवा व्रण पडलेला नसतो. मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, कावीळ किंवा कोणताही ताप नुकताच येऊन गेला असेल तर काही आठवडे थांबून, तब्येत पूर्ववत झाल्यावरच रक्त द्यावे.

एसजीओटी केवळ यकृतात नसते. ते स्नायूंत, हृदयात आणि लाल रक्तपेशींतही असते. जोरदार व्यायामानंतर, पहिल्यांदाच जिममध्ये वजने उचलल्यानंतर किंवा लांब पल्ल्याच्या शर्यतीनंतर ते काही दिवस वाढलेले राहू शकते. रक्त काढताना नमुना खराब होऊन पेशी फुटल्या तरीही ते वाढते. अशा वेळी प्रयोगशाळा रिपोर्टखाली नमुना हिमोलाइज्ड असल्याची टीप देते, ती वाचावी. प्लेटलेटच्या बाबतीत आणखी एक फसवणूक आहे: काही व्यक्तींच्या रक्तात नळीतील ईडीटीए या रसायनामुळे प्लेटलेटचे पुंजके होतात आणि यंत्र त्यांना कमी मोजते. प्लेटलेट अनपेक्षितपणे कमी आल्या, पण अंगावर ना काळेनिळे डाग, ना कोठे रक्तस्राव, तर स्लाइड पाहून किंवा सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन खात्री करून घेण्यास सांगावे.

वजन उतरवणाऱ्यांसाठी एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. आपल्या ५२ वर्षांच्या उदाहरणातील व्यक्तीने काही महिन्यांत चांगले वजन कमी केले. एसजीओटी ४८ वरून ३० वर आणि एसजीपीटी ६४ वरून २५ वर आले, प्लेटलेट २.१० लाखच राहिल्या. पुन्हा हिशेब करा: ५२ गुणिले ३० म्हणजे १५६०, २१० गुणिले ५ म्हणजे १०५०, उत्तर तेच १.४९. एसजीपीटी भाजकात असल्यामुळे ते उतरले की आकडा वर ढकलला जातो. यकृताचा दाह कमी झालेला असताना फिब-४ तेथेच राहिला, क्वचित वाढलाही, म्हणून आहार-व्यायाम सोडून देणारी माणसे असतात. थोड्या काळातील सुधारणा मोजण्यासाठी हे सूत्र बनलेलेच नाही. तसेच दहा वर्षांनी, रक्तातले सर्व आकडे जसेच्या तसे राहिले तरी, पन्नाशीतल्या माणसाचा फिब-४ साठीत केवळ वयामुळे एक पंचमांशाने वाढतो.

इतर सूत्रे

एनएएफएलडी फायब्रोसिस स्कोअर हे दुसरे प्रचलित सूत्र २००७ सालचे आहे. त्यात वय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन), मधुमेह किंवा उपाशीपोटी वाढलेली साखर, एसजीओटी-एसजीपीटीचे गुणोत्तर, प्लेटलेट आणि अल्ब्युमिन असे सहा घटक येतात. उत्तर उणे १.४५५ च्या खाली असेल तर प्रगत फायब्रोसिसची शक्यता कमी, ०.६७६ च्या वर असेल तर जास्त. हे सूत्र हाताने करण्यात अर्थ नाही. त्यासाठी कॅल्क्युलेटर उपलब्ध आहेत. माझ्या मते आपल्याकडे ते फिब-४ च्या जागी वापरू नये. त्यात बीएमआयला बरेच वजन दिलेले आहे, आणि आपल्याकडे कमी बीएमआयवरही पोटाभोवती चरबी साठून यकृत बिघडलेले असते. अशा सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीचा धोका हे सूत्र कमी लेखू शकते. उलट नुसत्या मधुमेहाच्या निदानाने त्यात १.१३ ची भर पडते. अप्री नावाचे आणखी एक सूत्र आहे. ते हिपॅटायटिस सी साठी तयार झाले आणि फॅटी लिव्हरमध्ये त्याचा उपयोग तुलनेने कमी.

मधल्या पट्ट्यात अडकल्यावर

१.३ ते २.६७ यांच्यामध्ये आकडा आला की दुसरी पायरी लागते, आणि ती बहुधा फायब्रोस्कॅनची असते. त्यात रक्त लागत नाही. बरगड्यांमधून हलका धक्का देऊन यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. ८ च्या खाली असेल तर दिलासा, १२ च्या वर असेल तर प्रगत फायब्रोसिसचा दाट संशय. त्याआधी किमान तीन तास काही खाऊ नये, कारण जेवणानंतर यकृतातला रक्तप्रवाह वाढून कडकपणा जास्त मोजला जातो. ही सूचना केंद्रावर सांगतातच असे नाही.

रक्ताचीच पुढची तपासणी हवी असेल तर ईएलएफ आहे. फिब-४ मधले आकडे फायब्रोसिसचे अप्रत्यक्ष परिणाम दाखवतात; ईएलएफ मात्र व्रण बनण्याच्या आणि मोडण्याच्या प्रक्रियेत थेट भाग घेणारे तीन पदार्थ मोजते: हायलुरोनिक ॲसिड, पीआयआयआयएनपी आणि टीआयएमपी-१. यांतील पीआयआयआयएनपी हा कोलॅजेन, म्हणजे व्रणाच्या तंतूंचे प्रथिन, तयार होताना सुटणारा तुकडा आहे, तर टीआयएमपी-१ कोलॅजेन विरघळवणाऱ्या एन्झाइमांना आवर घालते. तिन्हींचा मिळून एक आकडा येतो. ९.८ आणि त्यापुढे प्रगत फायब्रोसिसचा संशय घेतात आणि ११.३ आणि त्यापुढे सिरॉसिसकडे वाटचाल होण्याचा धोका जास्त समजतात. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने प्रगत फायब्रोसिससाठी १०.५१ ही मर्यादा सुचवली होती. ही तपासणी सगळ्याच प्रयोगशाळांत होत नाही. संधिवातासारख्या आजारांत हायलुरोनिक ॲसिड वाढते आणि जेवणानंतरही त्यात फरक पडतो, त्यामुळे रक्त उपाशीपोटी द्यावे. फायब्रोटेस्ट या दुसऱ्या तपासणीत अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन, हॅप्टोग्लोबिन, अपोलिपोप्रोटीन ए-१, जीजीटी आणि बिलिरुबिन हे घटक धरतात. गिल्बर्ट सिंड्रोममुळे ज्यांचे बिलिरुबिन जन्मतःच थोडे जास्त असते त्यांचा त्यातील आकडा खोटा चढू शकतो.

फिब-४ न काढता थेट महागड्या पॅकेजकडे वळण्याची जी पद्धत पडत चालली आहे ती मला पटत नाही. साध्या हिशेबात ज्यांचा आकडा कमी आहे आणि ज्यांना मधुमेह नाही, त्यांच्यासाठी पुढच्या तपासणीत फारसे काही हाती लागत नाही. उलट एखादा खोटा वाढीव आकडा मागे लागतो.

पुन्हा केव्हा आणि सोबत काय न्यावे

आकडा कमी आला तरी मधुमेह, मधुमेहपूर्व अवस्था किंवा चयापचयाच्या दोन किंवा अधिक तक्रारी असतील तर एक ते दोन वर्षांनी हिशेब पुन्हा करावा. तसे काही नसेल तर दोन ते तीन वर्षांनी पुरे. शक्यतो प्रयोगशाळा तीच ठेवावी. दर वेळी तारीख, वजन, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि फिब-४ एका ओळीत लिहून ठेवावे, आणि त्या सुमारास ताप, नवे औषध किंवा कडक व्यायाम झाला असेल तर त्याचीही नोंद करावी.

आकडा २.६७ च्या वर असेल, किंवा फायब्रोस्कॅन अथवा ईएलएफमध्ये संशय आला असेल, तर हीच वही यकृततज्ज्ञांपुढे ठेवावी. फायब्रोसिसची पायरी नेमकी कळणे आता उपचारासाठीही महत्त्वाचे झाले आहे: अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मार्च २०२४ मध्ये रेसमेटिरॉम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड ही औषधे फॅटी लिव्हरमुळे दाह होऊन मध्यम ते प्रगत फायब्रोसिस झालेल्या रुग्णांसाठी मंजूर केली, आणि सिरॉसिस झालेल्यांचा त्यात समावेश नाही. म्हणजे एफ-२, एफ-३ आणि एफ-४ यांतला फरक औषध मिळणार की नाही इथपर्यंत पोचतो, आणि तो फरक केवळ फिब-४ च्या आकड्यावरून कोणीही ठरवू नये.

पोटात पाणी होणे, डोळे पिवळे होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बोलण्या-वागण्यात अचानक गोंधळ यांपैकी काहीही दिसले तर मात्र सूत्र, वर्गमूळ, वही सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.